पेन्सिलीवर फिरणारी टेप

लंडनमधल्या ॲबी रोडवरचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ १९६६ सालीही एखाद्या सरकारी कचेरीसारखाच चालायचा. तंत्रज्ञांनी पांढरे कोट घालायचे, सामान उचलणाऱ्यांनी तपकिरी. मायक्रोफोन ड्रमपासून किती लांब ठेवायचा याचेसुद्धा नियम ठरलेले. अशा शिस्तीच्या जागेत एप्रिलमधल्या एका दिवशी वेगवेगळ्या खोल्यांतून टेप मशीन सुरू आहेत आणि प्रत्येक मशीनसमोर एक माणूस हातात पेन्सिल धरून उभा आहे. टेपच्या तुकड्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवून तिचं कडं केलंय. ते कडं मशीनच्या हेडवरून जातं, पेन्सिलीला वळसा घालून परत येतं, पुन्हा जातं. हात जरा सैल पडला की सूर डुगडुगणार. त्यामुळे उच्चशिक्षित ध्वनितंत्रज्ञ श्वास रोखून पेन्सिल धरून उभे.

टेप आणि पेन्सिलीचं नातं माझ्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. प्लेअरनं कॅसेट खाल्ली की टेपचा गुंता हलक्या हातानं बाहेर काढायचा आणि षटकोनी पेन्सिल दात्यांत घालून गुंडाळत बसायचं, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. फरक एवढाच की आम्ही बिघडलेलं गाणं परत जागेवर आणत होतो आणि ही मंडळी चांगलं चाललेलं गाणं मुद्दाम बिघडवत होती.

गाणं होतं बीटल्स या ब्रिटिश बँडचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. ६ एप्रिल १९६६ ला त्याचं काम सुरू झालं. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा अवघा वीस वर्षांचा आणि बढती मिळून बीटल्सच्या कामासाठी मुख्य खुर्चीवर बसण्याचा त्याचा तो पहिलाच दिवस. जॉन लेननची फर्माईश अशी, की माझा आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणताहेत असा यायला हवा. आता लंडनमध्ये डोंगर कुठून आणणार? हॅमंड ऑर्गनबरोबर लेस्ली नावाचा एक फिरता स्पीकर येतो, लाकडी कपाटात गरगरणारा. एमरिकनं लेननचा आवाज त्याच्यातून काढला. लेनन इतका खूश झाला की म्हणे मलाच दोरीनं टांगा आणि मायक्रोफोनभोवती फिरवा. सुदैवानं हे कुणी मनावर घेतलं नाही. रिंगोच्या बास ड्रमच्या पोटात मात्र लोकरी स्वेटर कोंबला गेला. बीटल्स चौघे म्हणून चार गळे विणलेला कुठलासा विनोदी स्वेटर तिथं पडून होता, त्याचं सोनं झालं. ड्रमचा आवाज घट्ट, जवळचा, छातीवर थाप मारल्यासारखा यायला लागला, आणि त्यासाठी मायक्रोफोन नियमापेक्षा कितीतरी पुढे सरकवला होता.

पेन्सिलीवरची कडी पॉल मॅकार्टनीनं घरी आपल्या टेप रेकॉर्डरवर बनवून आणली होती. त्यातल्या एकावर त्याचं स्वतःचं हसू आहे. टेपचा वेग वाढवला आणि ते समुद्रपक्ष्यांच्या किंकाळीसारखं ऐकू यायला लागलं. मिक्सिंग टेबलाशी बसलेल्यांनी या पाच मशीनचे आवाज फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, वर-खाली करून हवे तेव्हा गाण्यात सोडले, हवे तेव्हा ओढून घेतले. म्हणजे हेसुद्धा एक प्रकारचं वादनच झालं, आणि तेही एकदाच होणारं. निर्माता जॉर्ज मार्टिन पुढे म्हणायचा, की हे मिश्रण पुन्हा तसंच्या तसं करणं कुणालाच जमणार नाही. मला यातली गंमत अशी वाटते, की ज्या गाण्याला लोक यंत्राची करामत म्हणतात, त्यात माणसांचे हात किती आहेत!

त्याआधी तीनच वर्षांपूर्वी याच मंडळींनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली होती. ११ फेब्रुवारी १९६३. उभं राहायचं, वाजवायचं, गायचं, पुढचं गाणं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर लेननचा घसा शिल्लक राहणार नव्हता. तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे नुसता आरसा. समोर जे वाजेल ते स्वच्छ उमटवायचं, पदरचं काही घालायचं नाही. मग असं काय बदललं? माझ्या मते एक साधं कारण म्हणजे चाहत्यांच्या किंकाळ्या. मैदानावरच्या कार्यक्रमांत बीटल्सना स्वतःचंच वादन ऐकू येईनासं झालं होतं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत कँडलस्टिक पार्कवर त्यांनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौऱ्यांना रामराम ठोकला. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या खेळाला आता पूर्ण मोकळीक मिळाली, गाणं रंगमंचावर वाजवता येईल का, ही काळजीच उरली नाही. मग उलटी टेप लावा, वेग बदला, काय वाटेल ते करा.

आणि हे सगळं चार ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या आवाजाच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर. आज मोबाइलवरसुद्धा याहून जास्त मिळतात. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या मशीनच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वाद्यांना जागा होते. पण दर वेळी टेपची सरसर थोडी वाढते, आणि एकदा एकत्र केलेलं परत सुटं करता येत नाही. झांजा जास्त झाल्या? झाल्या. आता त्यांच्यासकट पुढे जायचं. मला ही सक्ती आवडते.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची कथा संगीतवेड्या लोकांना पाठ असते, तरी पुन्हा सांगायचा मोह आवरत नाही. त्याचे दोन अवतार झाले होते. एक शांत, दुसरा ट्रम्पेट आणि चेलोंनी भरलेला. लेननला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. जोडून टाक की, तो मार्टिनला म्हणाला. मार्टिननं अडचण सांगितली: दोन्हींची पट्टी वेगळी आणि लयही वेगळी. लेननचं म्हणणं, तू करशील रे. पट्टी आणि लय या दोन्ही गोष्टी टेपच्या वेगावर अवलंबून असतात, आणि नशीब असं, की एकाचा वेग जरा बदलला की दोन्ही एकदमच जुळत येत होत्या. २२ डिसेंबर १९६६ ला कात्री चालली. गाणं सुरू झाल्यावर साधारण मिनिटभरानं तो सांधा येतो. कळल्यानंतर तो न ऐकणं अशक्य आहे, म्हणून ज्यांना ठाऊक नव्हता त्यांची मी आधीच माफी मागते.

अटलांटिकपलीकडे बीच बॉइज या अमेरिकी बँडचा ब्रायन विल्सनही त्याच वर्षी हाच खेळ करत होता. ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये सायकलची घंटी आहे, शेवटी आगगाडी जाते आणि त्याचे स्वतःचे कुत्रे भुंकतात. ‘गुड व्हायब्रेशन्स’ तर त्यानं तुकड्या-तुकड्यांत, वेगवेगळ्या स्टुडिओंत रेकॉर्ड केलं आणि मग ते तुकडे सांधले. खरं तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला भुरळ घालतो तो ‘अ डे इन द लाइफ’चा शेवटचा स्वरगुच्छ. २२ फेब्रुवारी १९६७. तीन पियानो, त्यांवर सगळ्यांनी एकदम हात मारला आणि मग कुणी हलायचं नाही. सूर विरत चालला तसा एमरिक फेडर वर नेत राहिला, म्हणजे विरणारा आवाज लांबत राहावा. पण फेडर वर नेला की खोलीतलं सगळंच वर येतं. हेडफोन लावून ऐका, अगदी शेवटी एक खुर्ची करकरते. एवढ्या जाड भिंती, दुहेरी दारं, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून केलेला सगळा बंदोबस्त, आणि ‘सार्जंट पेपर’सारख्या गाजलेल्या अल्बमच्या शेवटी खुर्ची! ती पुसून टाकली असती तर मला अजिबात आवडलं नसतं.

या सगळ्यात आपलीही वाद्यं आहेत. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ सुरू होतं ते तंबोऱ्यानं. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’मध्ये मधेच स्वरमंडळ छेडलेलं ऐकू येतं, जे आपल्याकडे गायक मांडीवर घेऊन बसतात. ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर ‘लव्ह यू टू’साठी तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलंय. ते वाचून मराठी माणूस दोन मिनिटं थबकणारच.

आणि मग मुंबई. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. ॲबी रोडवर चार ट्रॅक कमी पडत होते. इथं एकाच ट्रॅकचं मोनो मशीन होतं. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन रेल्वेनं कलकत्त्याहून आणवलं. स्टुडिओला आवाजबंदी जेमतेमच. रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी त्या अल्बममध्ये बारकाईनं ऐकलं तर सापडतात, असं हॅरिसन स्वतःच सांगायचा. आणि साडेपाच वाजले की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. त्याच इमारतीतली ऑफिसं सुटायची आणि सगळी मंडळी धाडधाड जिने उतरायची. लोकल गाठायची असताना कोण कुणाच्या सरोदची पर्वा करतो?

याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही झालं, सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. गायन लंडनला परतल्यावर चढवलं, आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. शब्द चिनी ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेले आहेत: दाराबाहेर पाऊल न टाकताही साऱ्या जगाची ओळख होते. आणि ज्या इमारतीत या गाण्याचं वाद्यसंगीत झालं, तिथली सगळी माणसं साडेपाचला एकदमच दाराबाहेर पडायची.