अंकाऱ्यातले सहा बाण आणि एक पाणपोई

तुर्कीला जाणारे सगळे इस्तंबूल-कॅपाडोशिया करून परत येतात, आम्ही मुद्दाम दोन दिवस अंकाऱ्याला ठेवले आणि बायको अजून ऐकवते की तिथं होतं काय, नुसती सरकारी हापिसं. तिचं थोडं खरंय. पण मला अनितकबीर बघायचंच होतं, म्हणजे आधुनिक तुर्कीचा संस्थापक अतातुर्क (आपल्याकडचा केमाल पाशा), त्याची समाधी.

तिकीट नाही, बॅग स्कॅन केली की आत. सुरुवातीलाच २६२ मीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मिळून २४ दगडी सिंह, आणि फरशांच्या मधे चांगल्या पाच सेंटीमीटरच्या फटी, त्यात गवत. मी सिंहांचे फोटो काढत चाललो आणि ठेचकाळलोच, मागून शाळेची पोरं फिदीफिदी हसली. नंतर कळलं फटी मुद्दाम सोडल्यात, समाधीकडे जाताना माणसाने मान खाली घालून चालावं म्हणून. घ्या!

आत म्युझियम आहे. अतातुर्कच्या विचारांना तिकडे सहा बाण म्हणतात, त्याच्या पक्षाच्या झेंड्यावर ते अजून आहेत. प्रजासत्ताक, राष्ट्रवाद, जनता, सरकारी उद्योग, सेक्युलर राज्य आणि इन्किलाप. हो, आपलाच इन्किलाब. १९३१ मधे पक्षाने घेतले, १९३७ ला थेट राज्यघटनेत. सरकारी उद्योगांचं वाचताना गंमत वाटली, यांची पहिली पंचवार्षिक योजना १९३४ ची, आपल्या कितीतरी आधी. आणि मार्च १९२४ ला यांनी खलिफाच रद्द करून टाकला, तेव्हा इकडे भारतात खिलाफतीसाठी रान उठवलेल्यांचं काय झालं असेल विचार करा.

पण मी अडकलो तो लिपीपाशी. १ नोव्हेंबर १९२८ ला कायदा, डिसेंबरपासून पेपर रोमन लिपीत, १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकंसुद्धा. दोन महिन्यांत अख्ख्या देशाची अरबी लिपी गेली! मग १९३२ पासून अरबी-फारसी शब्द वेचून काढायला घेतले, आपल्याकडे सावरकरांनी तारीख काढून दिनांक आणला तसं, फक्त यांच्यामागे सरकारचा दंडुका. अतातुर्कचं १९२७ चं भाषण, सहा दिवस चाललं होतं ते, ते आजच्या पोरांना कळावं म्हणून सोप्या तुर्कीत करून छापावं लागतं. इन्किलाप हा शब्दसुद्धा मागे पडला, आता देवरिम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलो, चढ भयंकर. वरती एका गल्लीत भिंतीत बसवलेली जुनी पाणपोई, नळ कोरडा, वर संगमरवरावर अरबी अक्षरं. समोरच्या चहावाल्याला विचारलं काय लिहिलंय, त्याने खांदे उडवले, "एस्की याझी." जुनं लिखाण. विषय संपला.

माझे आजोबा परभणीकडचे, निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत झालेली. सुट्टीत आम्हाला अलिफ बे शिकवायचे, लिमलेटच्या गोळीच्या बोलीवर. त्यांच्या ट्रंकेतली मोडीतली कागदं मात्र आमच्या घरात एकालाही वाचता येत नाहीत, तेव्हा चहावाल्याला हसायला मला तोंड नाही. पण त्या गोळ्यांच्या जोरावर मी चाचपडत वाचलं, "माशाल्लाह". तो टेबल पुसायचा थांबला. खाली चार आकडे होते, त्याच्या आधी एक छोटा शब्द, तो लागायला वेळ लागला. "सने," मी म्हटलं. आपलं सन. "सेने, सेने!" तो ओरडलाच, हा शब्द त्यांच्याकडे अजून आहे.

मग त्याने शेजारच्या गालिचेवाल्याला हाक मारली, आणि मला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. बायकोने तोवर दुसरा चहा मागवला होता.