पाच वाजेपर्यंत आपला

३० जुलै २०२४. सकाळच्या अॅमट्रॅक रेल्वेनं मी आणि माझी अकरा वर्षांची लेक शिकागोला निघालो. आमचं गाव नॉर्मल, इलिनॉय राज्याच्या मध्यावर, शिकागोच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटर. गाडी सुटली की पॉन्टिअॅक, ड्वाइट, जोलिएट अशी स्टेशनं येतात आणि मध्ये सगळं मका आणि सोयाबीन. जुलैअखेरचा मका माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो. खिडकीतून बघताना मला दर वेळी आमच्या जुन्नरकडच्या उसाची आठवण होते.

लेकीच्या अंगात लाल टी-शर्ट होता, इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीचा. ही युनिव्हर्सिटी आमच्या गावातलीच, आणि त्या टी-शर्टला कारण होतं. शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) पॉल डियंग याच युनिव्हर्सिटीकडून खेळला, इथंच बायोकेमिस्ट्री शिकला आणि २०१५ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सनं त्याला उचललं. त्याचं आडनाव लिहिताना ‘ज’ आणि म्हणताना ‘य’, हे लेक प्रत्येकाला समजावून सांगते. ती स्वतः गावच्या सॉफ्टबॉल संघात शॉर्टस्टॉपला उभी राहते. २०२४ च्या हंगामात डियंग व्हाइट सॉक्सकडे आला तेव्हा तिला वाटलं, बाबाचा संघ आणि आपला माणूस एकदाचे एकत्र आले. त्याला बघायला म्हणून ही सहल ठरली होती. तिकिटं मे महिन्यातच काढली होती. ३० जुलै ही ट्रेड डेडलाइनची, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख आहे, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

हे ट्रेड प्रकरण आपल्याकडच्या वाचकांना जरा सांगायला हवं. रणजीत एखादा खेळाडू दुसऱ्या राज्याकडे जातो तो हंगामाआधी, स्वतः अर्ज करून, आपल्या असोसिएशनची एनओसी घेऊन. मेजर लीग बेसबॉलमध्ये ऐन हंगामात संघ खेळाडूंची अदलाबदल करतात आणि बहुतेक खेळाडूंना कुणी विचारत नाही. दहा वर्षं मेजर लीगमध्ये काढली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तरच तो नाही म्हणू शकतो. नाहीतर करारात तसं लिहून घेतलेलं असलं पाहिजे. बाकीच्यांना फोन येतो आणि ते बॅग भरतात. जिंकणारे संघ शेवटच्या दोन महिन्यांसाठी तयार खेळाडू घेतात. हरणारे संघ ते देतात आणि बदल्यात कोवळी पोरं घेतात, जी कदाचित चार वर्षांनी उपयोगी पडतील.

आणि आमचा संघ हरत होता. त्या सकाळी व्हाइट सॉक्सच्या खात्यात २७ विजय आणि ८२ पराभव होते, शेवटचे १५ ओळीनं. १० जुलैला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने झाले. पहिला आम्ही जिंकला; शेवटच्या इनिंगमध्ये मायकेल कोपेकनं नऊ चेंडूंत तिघांना बाद केलं, एकही चेंडू वाया नाही. त्यानंतर आम्ही जिंकलोच नव्हतो. आणि कोपेक आता आमचा राहिला नव्हता. आदल्याच दिवशी, २९ जुलैला, तीन संघांमध्ये मिळून सौदा झाला. कोपेक लॉस एंजेलिस डॉजर्सकडे, एरिक फेडी आणि टॉमी फॅम कार्डिनल्सकडे. आम्हाला मिळाले मिगेल वार्गास, अलेक्झांडर अल्बर्टस आणि हेराल पेरेझ.

नॉर्मल गाव शिकागो आणि सेंट लुइस यांच्या मधोमध पडतं, त्यामुळे इथं अर्धे लोक कब्जचे (शिकागोचा दुसरा संघ), अर्धे कार्डिनल्सचे. व्हाइट सॉक्सवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आदल्या संध्याकाळी शेजारचे कार्डिनल्सभक्त आजोबा कुंपणापाशी येऊन माझे आभार मानून गेले, जणू फेडीला मीच पाठवला होता. भला माणूस आहे, चिडवायला आला नव्हता. पण मला रात्री झोप लागली नाही. फेडी मला फार आवडायचा. वॉशिंग्टनमध्ये जमलं नाही म्हणून तो कोरियाला गेला, २०२३ मध्ये तिथं २० सामने जिंकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मग दोन वर्षांचा करार करून आमच्याकडे आला. इतक्या वाईट संघासाठीही त्यानं नऊ इनिंगमागे फक्त तीनच्या आसपास धावा दिल्या.

युनियन स्टेशनला उतरून आम्ही अॅडम्स स्ट्रीटच्या पुलावरून नदी ओलांडली, जॅक्सनला रेड लाइन पकडली आणि ‘सॉक्स–थर्टीफिफ्थ’ला उतरलो. हे स्टेशन डॅन रायन एक्स्प्रेसवेच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा लोंढा, वर पस्तिसाव्या रस्त्याचा पूल. पश्चिमेला मैदान, पूर्वेला इलिनॉय टेक. आम्ही आधी पूर्वेला वळलो. सामना ७:१० चा होता, आणि माझी विद्यार्थिदशेतली दोन वर्षं त्या कॅम्पसवर गेली आहेत.

लेकीला क्राउन हॉल दाखवला, मीस व्हॅन डर रोहेची ती काचेची आणि पोलादाची इमारत. आत एकही खांब नाही, हे तिला आवडलं. त्याहून जास्त आवडली ती कॅम्पस सेंटरवरची पोलादी नळी, जिच्यातून ग्रीन लाइनची गाडी जाते. आम्ही खाली बसून चार गाड्या जाऊ दिल्या. मग माझं जुनं बिऱ्हाड बाहेरूनच दाखवलं. तिथल्या खोलीत आम्ही तिघं राहायचो, एक नागपूरचा, एक सांगलीचा आणि मी. ऑक्टोबर २००५ मध्ये व्हाइट सॉक्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला पोहोचले तेव्हा तिकीट घेणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्या सामन्यात पॉल कोनेर्कोनं ग्रँडस्लॅम (तिन्ही बेसवर आपले गडी असताना होमरन) मारला आणि मैदानावर फटाके उडाले, ते आधी खिडकीतून ऐकू आले आणि मग टीव्हीवर दिसले. चार सामन्यांत चार विजय, १९१७ नंतर पहिल्यांदा. त्या रात्री पस्तिसाव्या रस्त्यावर अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. त्या देशात येऊन मला फक्त चौदा महिने झाले होते. मी व्हाइट सॉक्सचा का, असं गावात कुणी विचारलं की मी हेच सांगतो.

दुपारभर फोन हातातच होता. आधी कळलं की टॅनर बँक्स फिलाडेल्फियाला गेला, बदल्यात विल्यम बेर्गोया, व्हेनेझुएलाचा १९ वर्षांचा पोरगा. मग एलॉय हिमेनेझ बाल्टिमोरला गेला, एका डावखुऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या बदल्यात.

एलॉयपाशी मी थांबलो. आम्ही तेव्हा पूल ओलांडून परत मैदानाकडे चाललो होतो, आणि मी कठड्याला टेकून उभाच राहिलो. लेक म्हणाली, “बाबा, तू ठीक आहेस ना?”

तिला मी तिथंच सांगितलं. २०१६ च्या डिसेंबरात आमचा सर्वांत मोठा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला, तेव्हा कोपेक आला. २०१७ च्या जुलैत होझे किंताना कब्जला दिला, तेव्हा एलॉय आणि डिलन सीझ आले. तेव्हाही संघ हरत होता, तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं, थोडी कळ काढा, ही पोरं मोठी झाली की बघा. मी कळ काढली. तिचा जन्म २०१३ चा, तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन मी शार्लट आणि बर्मिंगहॅमच्या छोट्या संघांचे स्कोअर वाचायचो, कारण आमची पोरं तिथं तयार होत होती. एलॉयनं २०१९ मध्ये पहिल्याच हंगामात ३१ होमरन मारले. कॅमेरा दिसला की तो हात हलवून “हाय मॉम” म्हणायचा, आणि आमच्या घरात माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा तीही टीव्हीला उलट हात करायची. २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून आम्ही विभागात पहिले आलो. वाटलं, आता चार-पाच वर्षं आपली. पुढल्या वर्षी ८१ विजय, त्याच्या पुढल्या वर्षी ६१. सीझला २०२४ च्या मार्चमध्ये सॅन डिएगोला देऊन टाकलं. आता कोपेक आणि एलॉय. ज्यांची वाट बघण्यात माझी इतकी वर्षं गेली, ते सगळे चालले होते, आणि बदल्यात पुन्हा वाट बघायला नवी पोरं.

या सौद्यांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहितो. जनरल मॅनेजर क्रिस गेट्झच्या जागी कुणीही असतं तरी जुलैच्या त्या आठवड्यात फेडीला ठेवून उपयोग नव्हता. १०० सामने हरणाऱ्या संघाला चांगला पिचर म्हणजे पडक्या घराला नवी कडी. पण फेडी, कोपेक आणि फॅम या तिघांच्या मोबदल्यात जे आलं ते मला तेव्हाही कमी वाटलं. आणि एलॉय सारखा जखमी व्हायचा, पायांनी साथ सोडली होती, म्हणून त्याची किंमत उरली नव्हती. जुलैमधल्या सौद्यात संघ बिघडत नाही, तो आधीच बिघडलेला असतो. खेळाडू घडवणारी यंत्रणा वर्षानुवर्षं दुबळी राहिली, दुखापती झाल्या की मागे उभं राहायला कुणी नव्हतं. माझी तक्रार आहे ती तिथं. तिकीट काढून रोज येणाऱ्या माणसाला आजचा संघ देणं लागतो, चार वर्षांनंतरचा तर लागतोच.

पाचच्या सुमाराला आम्ही मैदानासमोरच्या पार्किंगमध्ये होतो. पस्तिसाव्या रस्त्याच्या उत्तरेला, जिथं आता गाड्या लागतात, तिथं १९१० ते १९९० जुनं कॉमिस्की पार्क होतं. त्याच्या होमप्लेटच्या, म्हणजे बॅटिंग करतात त्या जागी संगमरवराची पाटी बसवली आहे आणि दोन्ही बाजूंना बॅटिंगच्या चौकटी आखल्या आहेत. लोक ग्रिल पेटवून सॉसेज भाजत होते, कांद्याचा वास सुटला होता. लेक उजव्या चौकटीत उभी राहून बॅट नसलेल्या हातांनी बॅट फिरवत होती. मी फोटो काढायला फोन वर केला आणि त्यावर बातमी आली.

पॉल डियंग कॅन्सस सिटी रॉयल्सकडे. आम्हाला हारोल रोसाडो नावाचा तरुण पिचर.

त्या संध्याकाळी आमच्याविरुद्ध खेळायला आलेला संघ म्हणजे रॉयल्सच.

सांगू की नको, असं क्षणभर झालं. मग सांगितलं. तिनं हात खाली घेतले. “म्हणजे विमानानं जायला नको त्याला?”

“नको. फक्त दुसऱ्या बाजूच्या खोलीत जायचं.”

“त्याचे १८ होमरन?”

“ते आपल्याकडेच राहतात. नोंद तशीच राहते.” त्या दिवसापर्यंत संघात सर्वाधिक होमरन त्याचेच होते.

तिनं बराच वेळ काही विचारलं नाही. शेजारी सॉसेज भाजणाऱ्या एका आजींनी तिचा लाल शर्ट पाहिला, त्यावरचं नाव वाचलं, आणि न बोलता एक बन तिच्या हातात ठेवला. त्यांनाही बातमी कळली होती.

आत गेलो. आमच्या जागा तिसऱ्या बेसच्या बाजूला, आपल्या डगआउटच्या वर होत्या. मी मुद्दाम तिथल्या घेतल्या होत्या, डियंग जवळून दिसावा म्हणून. वरचे मजले जवळजवळ रिकामे, हिरव्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी. मी तिला इथला मका घेऊन दिला. कणसाचे दाणे समोर उतरवून देतात, वर चीज, तिखट, लिंबू. आपल्या चौपाटीवरच्या कणसाचा मेक्सिकन चुलतभाऊ. तिनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, “बाबा, आपण त्या बाजूला जाऊया का? थोडा वेळ?”

मैदानाला वळसा घालून गेलो. वाटेत मिनी मिन्योसो, फ्रँक थॉमस, कोनेर्को यांचे पुतळे लागतात. कोनेर्कोपाशी मी सवयीनं थांबतो, त्या दिवशी थांबलो नाही. पहिल्या बेसमागे कठड्याशी उभे राहून तिनं दुर्बिणीतून रॉयल्सचा डगआउट निरखला. निळे शर्ट, निळ्या टोप्या. बॉबी विट दिसला, साल्वाडोर पेरेझ दिसला. डियंग आम्हाला तिथून दिसला नाही. दोन इनिंग आम्ही तशाच उभ्यानं पाहिल्या. तिथला सुरक्षारक्षक काही बोलला नाही.

सामना आम्ही हरलो. सलग सोळावा पराभव, व्हाइट सॉक्सच्या इतिहासात तोवर इतके कधी ओळीनं हरले नव्हते. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा कुणी हुर्यो केली नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसानं एलॉयचा ७४ नंबरचा शर्ट घातला होता. तो उठला, टोपी काढली, मैदानाकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पराभवांची ओळ २१ पर्यंत गेली, ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये तुटली, दोन दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोलला काढलं, आणि हंगाम ४१ विजय, १२१ पराभव असा संपला, आधुनिक काळात एका हंगामातले सर्वाधिक पराभव. डॉजर्सनं वर्ल्ड सिरीज जिंकली आणि कोपेकला विजेत्यांची अंगठी मिळाली. मला मनापासून आनंद झाला.

त्या रात्री मित्राकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली. नॉर्मलचं स्टेशन युनिव्हर्सिटीला लागूनच आहे. उतरल्यावर लेक म्हणाली, डफी बास फील्डवर जाऊया. डियंग कॉलेजात असताना खेळायचा ते मैदान. सुट्टीचे दिवस, फाटक बंद. जाळीतून शॉर्टस्टॉपची जागा दिसत होती, कोरडी, नुकतीच रेघोट्या मारल्यासारखी सपाट.

ती जाळीला पाठ लावून बसली आणि पिशवीतून स्कोअरची वही काढली.

“नवीन आलेले कोण कोण? स्पेलिंग सांग.”

वार्गास, अल्बर्टस, पेरेझ, बेर्गोया, रोसाडो. मी एकेक सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. बेर्गोयापाशी थांबून तिनं विचारलं, “हा १९ चा ना? म्हणजे माझ्यापेक्षा आठच वर्षांनी मोठा.” आणि त्याच्या नावापुढे कंसात वय लिहिलं.