प्लेटला द्राक्षांचा वास

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायात तार घुसली ती फेब्रुवारीत, द्राक्षकाढणी ऐन भरात असताना. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही, कारण घुसल्याचं त्यांना कळलंच नाही. मांडवाची जुनी तार तोडली की तुकडे खाली पडतात. त्यातला एक बोटभर तुकडा रबरी चपलेतून आरपार जाऊन डाव्या करंगळीच्या मुळाशी रुतला आणि ते दिवसभर तसेच बागेत फिरले. संध्याकाळी भाच्याला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत, एकाच पायाचे. "अगं, दुखत न्हाई, म्हंजे एवढं काय नसंल," असं अण्णा वहिनीला म्हणाले.

अण्णांना सोळा वर्षं शुगर आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ते तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, माझ्या भावाच्या बागेत असतात. मी मिरजेला एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते, चौदा वर्षं झाली. शुगरच्या पेशंटच्या पायातला पू, मांसाचा तुकडा, हाडाचा कण असा एखादा तरी नमुना रोज माझ्या टेबलावर असतो. त्यामुळे पुढच्या सहा आठवड्यांत जे झालं त्यात माझी जबाबदारी सगळ्यात मोठी आहे, हे आधीच लिहून ठेवते.

गावातल्या डॉक्टरांनी अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह या अँटिबायोटिकच्या गोळ्या सात दिवसांच्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जखम वरून सुकलेली दिसली, म्हणून अण्णांनी त्या बंद केल्या. उरलेली पट्टी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेली. दहा दिवसांनी मोजा ओला झाला तेव्हा तीच बाहेर काढून संपवली. मग भावाने मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणलं, पाच दिवस. तरीही ओल जाईना, म्हणून त्याने मला फोन केला. मी मार्चएंडच्या गडबडीत होते, आणि जखम न बघताच म्हणाले, "सेफिक्झिम आण." मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर भावाने मला फोन जोडून दिला. ताई लॅबमधल्या आहेत म्हटल्यावर त्याने गोळ्या दिल्या. सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून हा नियम लागू आहे: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची. मला हे पाठ आहे. तरी मी फोनवर हो म्हणाले.

एप्रिल लागता लागता गावी गेले आणि पट्टी सोडली. वरचं भोक मसुराएवढं होतं, पण कडेला दाबलं की आतून पू येत होता. करंगळी सॉसेजसारखी फुगून चकचकीत झाली होती. ताप नव्हता. शुगरच्या पेशंटला पायात एवढं सगळं होऊनही पुष्कळदा ताप येत नाही, आणि घरच्यांची फसगत इथेच होते. त्याच दुपारी त्यांना मिरजेला आणलं.

सर्जननी आधी पायावरची नाडी बघितली. ती लागली. "रक्त पोचतंय म्हणजे औषधही पोचेल," ते म्हणाले, आणि मला जरा धीर आला. मग त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा धागा काढला. हा धागा टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तळव्यावर सहा ठिकाणी टेकवून झाला तरी अण्णा शांत. मग म्हणाले, "करा की सुरू." खोलीत कुणी काही बोललं नाही. आईने पदर तोंडाला लावला. मुंग्या येतात, पाय बधिर वाटतो, असं ते चार-पाच वर्षं सांगत होते. आम्ही ते वयावर टाकलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी बोथट धातूची सळई अलगद जखमेत घातली. ती आत जाऊन कशाला तरी टक् करून थांबली. तो आवाज हाडाचा होता. एक्स-रेत करंगळीच्या मागच्या हाडाचं डोकं कुरतडल्यासारखं दिसत होतं. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी १०.४ आली, म्हणजे साखर फारच वाढलेली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. करंगळी आणि त्यामागचं सडलेलं हाड काढावं लागलं. डॉक्टरांनी माझ्या समोर स्टाफला बजावलं की इंजेक्शन नंतर, आधी नमुना. जखम धुऊन, मेलेलं मांस कापून झाल्यावर खोलातून तुकडा घेतला, आणि उरलेल्या हाडाच्या टोकाचा वेगळा. वरवर फिरवलेल्या कापसाच्या काडीला मी वैतागते ती याचसाठी. उघड्या जखमेवर जंतू असतातच, अगदी बऱ्या होत चाललेल्या जखमेवरही. काडीवर तीन-चार प्रकार उगवतात, रिपोर्टवर ते सगळे छापले जातात, आणि त्या प्रत्येकासाठी कुणीतरी औषध लिहितं. जखमेत लाली, सूज, पू, ऊब असं काही नसेल तर अँटिबायोटिकची गरजच नसते. त्याने जखम लवकर भरत नाही.

सकाळी साडेआठला मी इन्क्युबेटर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवायचं उबदार कपाट, उघडलं. प्लेटवर नंबर आणि अण्णांचं नाव. प्लेट हुंगायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, पण काही वास झाकण उचलताच येतात. हा वास मला लांबूनही ओळखता येतो: पिकलेल्या द्राक्षांचा. स्युडोमोनास एरुजिनोसा. प्लेटभर हिरवट झाक पसरलेली होती. मी ज्या गावची, तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात हा वास असतो, बेदाण्याच्या शेडमध्ये तर श्वास घ्यावा तिथे. चौदा वर्षं या वासाने मला बरं वाटायचं. त्या दिवशी झाकण परत लावलं आणि थोडा वेळ हात धुत उभी राहिले.

स्युडोमोनास ओलीत राहणारा जंतू आहे. नळ, सिंक, ओली पट्टी, घामट चप्पल. परदेशी पुस्तकांत मधुमेही पायाच्या जखमेत पहिलं नाव स्टॅफिलोकोकसचं येतं. भारतातल्या बऱ्याच अभ्यासांत मात्र स्युडोमोनास, क्लेब्सिएला, ई. कोलाय ही मंडळी जास्त सापडतात, आणि माझ्या टेबलावरही तेच दिसतं. आता आमच्या गोळ्यांचा हिशेब बघा. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह स्युडोमोनासवर चालतच नाही, जन्मतःच नाही. सेफिक्झिमचंही तेच. म्हणजे मी फोनवरून सुचवलेलं औषध आजूबाजूचे दुबळे जंतू मारून याला जागा मोकळी करून देत होतं. गोळीच्या रूपात याच्यावर चालणारा जवळजवळ एकच गट आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा. आणि तो आम्ही पाच दिवस, जखम न उघडता, न कापता वापरून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते दाखवणारी, प्लेट वाचली. औषधाच्या छोट्या चकत्या ठेवलेल्या असतात. औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो, त्याचा व्यास मोजायचा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. सेफ्टाझिडीमला तसंच. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला थोडीशी मोकळी जागा, पण पुरेशी नाही. मेरोपेनेमला २० मिलिमीटर. १९ च्या खाली गेलं तर भरवसा धरता येत नाही. मी पट्टी तीनदा लावली, मग सहकाऱ्याला लावायला सांगितली. २०. एका मिलिमीटरवर मी देवाचे आभार मानले. मेरोपेनेम गेलं असतं तर पुढे अॅमिकॅसिन आणि कोलिस्टिनकडे बघावं लागलं असतं. दोन्ही किडनीला जड, आणि अण्णांचं क्रिएटिनिन आधीच १.८, म्हणजे किडनी आधीच थकलेली.

हाडाच्या टोकाच्या तुकड्यातही तोच जंतू निघाला. हाड पूर्ण स्वच्छ निघालं असतं तर इंजेक्शनं थोड्या दिवसांत थांबली असती. आता तीन आठवडे. किडनीच्या मानाने डोस कमी केला. साखर इन्सुलिनवर आणली. दर दोन-तीन दिवसांनी मेलेलं मांस आणि बुळबुळीत थर कापून काढायचे. जंतू आपल्याभोवती तो चिकट थर विणतात आणि औषध आतपर्यंत शिरत नाही, म्हणून हात चालवावाच लागतो. अण्णा ते बघत बसायचे, भूल न देता. दुखत नव्हतं ना.

इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं. गावात सगळ्यांना वाटलं हाड मोडलं. ज्या जागेवर वजन पडून जखम होते तिथलं वजन सगळ्या पायावर वाटून द्यायचं, एवढंच त्या प्लास्टरचं काम. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हेच म्हणत होते की पाय रोगाने सडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे रोज नकळत चिरडले जातात. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात ते शुगरच्या पायांसाठीही असं प्लास्टर वापरू लागले. अण्णांच्या बाबतीत मी डोळ्यांनी बघितलं. सहा आठवडे तीन प्रकारच्या गोळ्यांनी जे झालं नाही, ते जखमेवर वजन पडणं थांबल्यावर व्हायला लागलं. दर आठवड्याला प्लास्टर बदलताना मी जखमेची लांबी मिलिमीटरमध्ये वहीत लिहायची: २२, १७, १७, ११, ६.

१७ दोनदा आलं, त्या आठवड्यात त्यांनी गुपचूप बागेत चक्कर मारली होती. आईने सांगितलं.

ऑगस्टमध्ये जखम मिटली. आता त्यांच्याकडे मऊ तळाचे मापाने शिवलेले बूट आहेत, आणि घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे हा घरातला नियम आहे. दिवेलागणीला आई त्यांचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन बघते, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि मला फोटो पाठवते. टीव्हीखालचा ड्रॉवर मी रिकामा केला. त्यात सात पट्ट्या अर्धवट निघाल्या, पाठीवर चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ असलेल्या, एक तर भाच्याच्या खोकल्याची, तीन वर्षांपूर्वीची.

मेडिकलवाल्याकडे जाऊन मी त्याची माफी मागितली. माझ्या शब्दावर त्याने नियम मोडला होता. "ताई, तुम्हीच असं म्हणालात तर..." एवढंच म्हणाला तो.

ऑक्टोबर छाटणीला अण्णा बागेत आले. बांधावर खुर्ची टाकून बसले, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मजुरांना सांगत होते, तारेचा तुकडा दिसला की खिशात टाका, खाली सोडू नका. संध्याकाळी आईने फोटो पाठवला. दोन्ही तळवे कोरडे.