गाळ आला म्हणजे वाइन बिघडली?

"ग्लासात हा चहाचा चोथा कसला? परत पाठवूया का?"

काल टेबलावर कुणीतरी असं म्हणालं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. बाटली फ्रान्सच्या बोर्दोतल्या सेंत-एमिलियाँ गावची, 2005ची. बहुतांश मर्लो जातीची लाल द्राक्षं.

तो गाळ म्हणजे बिघाड नव्हे. टॅनिन (द्राक्षांच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. जुनी वाइन जिभेला मऊ लागते ती बरीचशी त्यामुळेच. चुकलं ते ओतणं.

अशी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायची. बूच ठिसूळ झालेलं असतं, स्क्रूने त्याचे तुकडे पडतात. दोन पात्यांचं ओपनर बरं. मग बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून, मध्ये न थांबता, एका संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतायचं. काळसर रेघ मानेपाशी आली की थांबायचं. शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या, हळहळू नका. आणि ओतलं की लगेच प्यायला घ्या, 16 ते 18 अंशांवर. कोवळ्या वाइनला दोन तास हवा मानवते, इतक्या जुन्या वाइनचा सुगंध मात्र तेवढ्यात उडून जातो.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेला विटकरी छटा दिसेल. वासात ताज्या प्लमऐवजी सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, ओली माती. व्हिनेगरचा किंवा भिजक्या पुठ्ठ्याचा वास आला, तर खुशाल परत पाठवा.

हे सगळं जमतं ते बाटली आडवी, अंधारात, 12-14 अंशांवर राहिली तर. तुमची कुठे आहे, फ्रिजवरच्या कपाटात?