हे कुणी ठरवलं?

‘युद्धावरच्या कादंबरीतला विजय आणि नियती’ यावर निबंध लिहायचाय, आराखडा कसा करू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, परीक्षा जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. वहीत बहुधा दोन रकाने आखलेले असतात, एकीकडे विजय, दुसरीकडे नियती. निबंध अडतो तो तिथेच. चांगल्या कादंबरीत ही दोन्ही एकाच प्रसंगात गुंतलेली असतात, म्हणून आधी तो प्रसंग शोधा.

टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’ या कादंबरीतली १८१२ची बोरोदिनोची लढाई घ्या, नेपोलियनची फ्रेंच फौज विरुद्ध रशियन फौज. रशियन अधिकारी प्रिन्स आंद्रेईची पलटण राखीव आहे. एकही गोळी न झाडता माणसं मरताहेत. एक तोफगोळा त्याच्याजवळ पडतो आणि भोवऱ्यासारखा गरगरत धुमसत राहतो. शेजारचा अधिकारी ‘आडवे व्हा!’ ओरडत स्वतः जमिनीवर पडतो. आंद्रेई उभाच. मला मरायचं नाही, हे गवत, ही माती मला हवी आहे, असं त्याच्या मनात येतं. आणि सगळे आपल्याकडे बघताहेत, हेही आठवतं. मग स्फोट.

गोळा तिथेच पडला ही नियती. पण उभं राहणं? ते त्याचं स्वतःचं. भीतीवर मिळवलेला विजयच पुढे त्याचा जीव घेतो. हा उतारा पुन्हा पुन्हा वाचा आणि समासात शिसपेन्सिलीने लिहीत जा: हे कुणी ठरवलं?

मग तुमचं म्हणणं एका वाक्यात मांडा. त्यात एक ‘पण’ हवाच. ‘आंद्रेई नियतीचा बळी आहे’ एवढंच लिहिलंत तर पुढे सुचणार काय? ‘गोळा नियतीचा, पण त्याच्यासमोर उभं केलं ते अभिमानाने’ म्हटलंत की वाद सुरू होतो, आणि परिच्छेद वादातूनच निघतात.

याच्या जोडीला नेपोलियन ठेवा. मॉस्को हाती आलंय, तो टेकडीवर उभा राहून शहराच्या मानकऱ्यांची वाट बघतोय, आणि कुणीच येत नाही. मोठी माणसं म्हणजे घटनांना चिकटवलेली नावं, असं इथला निवेदक बजावतो. ते निमूट उतरवून घेऊ नका. आंद्रेईच्या त्या क्षणाला ते लागू पडतं का, हे तपासा. मला तरी पुरतं लागू पडताना दिसत नाही.

प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी लिहा.