पिवळं पाकीट आणि इटलीचं मौन

जर्मनीत आमच्या गावाजवळ निर्वासितांचं वसतिगृह आहे. सरकारी पत्रं वाचून सांगायला मी तिथं जाते. तिथंच हा अफगाण मुलगा भेटला. पेशावरात वाढलेला, त्यामुळे त्याची उर्दू आणि माझी हिंदी यांवर आमचं छान भागायचं. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो.

त्याची केस युरोपच्या 'डब्लिन' नियमात अडकलेली. युरोपात जिथं पहिल्यांदा शिरलात, साधारणपणे त्याच देशानं तुमचा अर्ज तपासायचा, असा हा नियम. हा तुर्कस्तानातून बोटीनं इटलीत, कालाब्रियात उतरला. बोटांचे ठसे युरोडॅकमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक ठसे-नोंदणीत गेले, क्रमांकाची सुरुवात 'आयटी 2'. यातला 2 म्हणजे बेकायदा प्रवेश. आश्रयाचा अर्ज केला असता तर 1 आला असता. जर्मनीनं इटलीला विचारलं, याला घेता का? उत्तरच नाही. दोन महिने उत्तर आलं नाही की होकार धरतात. मौनं संमतिलक्षणम्, तेही थेट कायद्यात! आणि इटलीनं तर डिसेंबर 2022 मध्येच सगळ्यांना कळवलं होतं, जागा नाही, माणसं पाठवू नका.

मग पिवळं पाकीट आलं : अर्ज अग्राह्य, इटलीला रवानगी. कोर्टात जायला एक आठवडा. पाकिटावर पोस्टमन हातानं तारीख घालतो, मुदत तिथून मोजतात. पत्र ठेवून पाकीट फेकणारे कितीतरी पाहिलेत.

वकीलबाईंनी दावा दाखल केला, पण रवानगीला स्थगिती मागितली नाही. मी चक्रावले. त्या म्हणाल्या, होकारानंतर 6 महिन्यांत नेलं नाही तर जबाबदारी जर्मनीची. स्थगितीचा अर्ज फेटाळला गेला, तर ते 6 महिने पुन्हा पहिल्यापासून. फरार ठरला तर 18. गणपतीला तो आमच्याकडे जेवला, पण वसतिगृहात सापडलो नाही तर फरार ठरेन, या भीतीनं मुक्कामाला काही केल्या राहीना.

2015 मध्ये मुख्यतः इटली आणि ग्रीसमधून 1,60,000 निर्वासित युरोपातल्या इतर देशांनी वाटून घ्यायचं ठरलं होतं. हलले सुमारे 35,000. 2024 मध्ये मंजूर झालेल्या नव्या युरोपीय करारात माणसं घ्या, नाहीतर माणशी 20,000 युरो द्या, असाही पर्याय आहे. मी पाहिलेली वाटणी मात्र निव्वळ कॅलेंडरनं केली. कुणी काही ठरवलंच नाही, तारीख उलटली आणि फाइल जर्मनीची झाली.

आता खरी मुलाखत आहे. अफगाणिस्तान का सोडलं, हे त्याला इतक्या कागदांनंतर पहिल्यांदाच विचारणार आहेत. मुलाखत पश्तोत, दुभाषा सरकारी. मी फक्त ट्रेनचं तिकीट काढून दिलंय.