मी अजून तपासलेलं नाही

काल वॉर्डात एका मुलाने मला थांबवलं. वीस-एकवीसचा असेल, बौद्धिक अक्षमता असलेला. सलाइनच्या पिशव्या कपाटात लावत होता. एक पिशवी चुकीच्या कप्प्यात गेली, ती मी सवयीने उचलून जागेवर ठेवली. तो शांतपणे म्हणाला, "मी अजून तपासलेलं नाही." मग यादी हातात धरून पहिल्या कप्प्यापासून एकेका ओळीवर बोट ठेवत त्याने सगळं पुन्हा मोजलं. जुनी तारीख पुढे, नवी मागे. शेवटी टिकमार्क. त्याची जॉब कोच, म्हणजे काम शिकवणारी बाई, चार पावलं मागे उभी होती आणि मुद्दाम काही करत नव्हती. सुरुवातीला ती एकच काम बारीक पायऱ्यांत तोडून, फोटो लावून शिकवते. मग रोज थोडी मागे सरते.

तो ज्या उपक्रमातून इथे आला, त्याचं मूळ अमेरिकेतल्या आमच्या सिनसिनाटीतच आहे. इथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात सामान भरायला ठेवलेली माणसं टिकत नव्हती. विभाग सांभाळणाऱ्या एरिन रिली या नर्सला वाटलं, बौद्धिक अक्षमता असलेली इतकी मुलं आपल्याकडे उपचाराला येतात, मग कामाला का नाहीत? १९९६ मध्ये 'प्रोजेक्ट सर्च' सुरू झाला. शाळेचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्येच: थोडा वेळ वर्ग, बाकी दिवस काम, वर्षात साधारण तीन विभाग. यश कधी मोजायचं, तर बाकीच्यांच्या बरोबरीने, बारमाही, आठवड्याला किमान १६ तासांची आणि किमान वेतनाची नोकरी लागली तरच. ही अट मला फार आवडते. कौतुकाचं प्रमाणपत्र देऊन घरी पाठवणं त्यात बसत नाही.

अमेरिकेत सगळं असंच आहे, असं मात्र समजू नका. अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा १९३८ च्या केंद्रीय कायद्यात आजही आहे. आणि आपल्याकडे भारतात कायदाच नाही, असंही नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा ठेवल्या, त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरेंसाठी.

सांगलीचा माझा मामेभाऊही असाच, आता चाळिशीचा आहे. गल्लीत त्याला सगळे नावाने हाक मारतात, गणपतीत प्रसाद तोच वाटतो. वॉर्डातल्या त्या मुलाला अशी गल्ली असेल का, हे मी रात्री स्वतःलाच दोनदा विचारलं. खरं सांगायचं तर, मनाला जरा बरं वाटावं म्हणून विचारलं.

कारण मला आबांची डबी आठवत होती. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, आबांच्या गोळ्या मामेभाऊ रंग बघून अचूक भरायचा. एकदा एक गोळी चुकली. मामीने डबी काढून घेतली ती कायमची. मी तिथेच बसले होते आणि मलाही ते बरोबरच वाटलं. एकट्या मामीवर घर, म्हातारपण आणि हा मुलगा. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. तिच्या चार पावलं मागे उभं राहायला कुणीच नव्हतं.

आज फोन केला. "मामी, तुझ्या बीपीच्या गोळ्या डबीत कोण भरतं?"

"मीच की. दुसरं कोण भरणार?"

"त्याला भरू दे. तू शेजारी बस, पण हात लावू नकोस. शेवटी त्यालाच तपासू दे."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "रविवारी नवीन डबी भरायची आहे. विचारते त्याला."